सोमाच्या नावावर चढवा

फेब्रुवारी सरला की अंबरनाथ पश्चिमेची थंडी एका रात्रीत पळते आणि वारा फिरतो. तो कारखान्यांकडून यायला लागला की चाळीतल्या बाया वाळत घातलेले पांढरे कपडे गुमान आत घेतात, कारण रंगाची भुकटी कुणाच्या धोतराची भीड ठेवत नाही. सत्त्याऐंशी साल संपून अठ्ठ्याऐंशीचा मार्च लागला होता. त्या सकाळी वारा तिकडचाच होता आणि सोमा अहिरे मोरीत उकिडवा बसून वाळू नि धुण्याच्या सोड्याने हात घासत होता.

सोमा रंगाच्या कारखान्यात ड्रायरवर होता. ओला रंग तापवून सुकवायचा, सुकला की पिंपात भरायचा. कोणत्या रंगाची ऑर्डर चालू आहे हे मॅनेजरच्या आधी चाळीतल्या पोरांना कळायचं, सोमाच्या टाचा बघून. गेला महिनाभर निळा चालू होता. सोमा कोपरापर्यंत निळा होता आणि कानाच्या पाळ्याही निळ्या होत्या, त्या कशा झाल्या ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"घासा, घासा," द्रौपदी चुलीपाशी भाकरी थापत म्हणाली. "कातडं निघंल, निळा निघायचा नाय."

"निघू नये असाच रंग हाय आपला, दुरपे."

"मग घासता कशाला?"

"आज पगार हाय. नोटांना डाग नको."

चाळिशीचा, किडकिडीत, डोळ्यांत कायम काहीतरी शिजत असलेला असा हा माणूस. पुण्याहून नवा सुपरवायझर आला तेव्हा सोमाने त्याला गंभीरपणे सांगितलं की हा ड्रायर मंगळवारी रुसतो, त्याला जरा थोपटून चालू करावा लागतो. सुपरवायझर पुढचे तीन मंगळवार ड्रायर थोपटत होता. पण सोमाच्या खोड्यांनी कुणाचं नुकसान झालं नव्हतं, आणि डिपार्टमेंटमध्ये कुणाच्या घरी मयत असो की बारसं, पहिला उभा राहणारा तोच.

त्या दिवशी मात्र त्याच्या डोळ्यांत शिजत होती ती खोली. बदलापूरला, मांजर्लीत, तळमजल्यावरची एक खोली, स्वयंपाकघर आणि घरातला संडास. त्या संडासाबद्दल द्रौपदी चाळीत इतकं बोलली होती की शेजारणी त्याची चौकशी एखाद्या पाहुण्यासारखी करायच्या. पतपेढीचं कर्ज मंजूर झालं होतं. राहिला होता आपल्या खिशातला शेवटचा हप्ता. मार्च संपायच्या आत तो भरला तर किल्ली. नाही भरला तर डोंबिवलीचा कुणी बँकेतला माणूस रोख पैसे घेऊन तयार आहे, असं बिल्डरने गोड आवाजात सांगितलं होतं. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, नव्या घरात बाबासाहेबांची तसबीर लावायची, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. त्या हप्त्यात आजचा पगार धरलेला होता.

पतपेढीने कर्ज दिलं त्यामागे एक भानगड होती.

पतपेढीला पगाराच्या पावत्या हव्या होत्या. सोमाचा पगार बघून पतपेढीच्या मॅनेजरने नाक मुरडलं होतं. तेव्हा डिपार्टमेंटने आपला जुना रिवाज काढला. कुणाच्या घरी लग्न असलं, कर्ज काढायचं असलं, की सगळ्यांचा ओव्हरटाइम त्या एकाच्या नावावर चढवायचा. फोरमन त्या रिवाजातलाच, तो दुसरीकडे बघत सही करायचा. पावती जाडजूड व्हायची, कर्ज मिळायचं, आणि पगाराच्या दिवशी तो माणूस कँटीनमागे ज्याचे त्याचे पैसे ज्याला त्याला वाटून द्यायचा. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत बबन, बाळा भोईर आणि म्हातारा भीमराव यांनी आपला सगळा ओव्हरटाइम सोमाच्या नावावर चढवला. "सोम्याला घर होऊ दे, बॉस," बबन म्हणाला होता, "आपल्याला काय, दोस्तीखातर." तो म्हणाला तेव्हा बाळाने जोरजोरात मान हलवली होती. इतकी दोस्ती बघून सोमाला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुपारी पगाराचं पाकीट हातात आलं. अठराशेच्या आसपास असायला हवे होते. सोमाने मोजले, सातशे. त्याने पाकीट उलटं करून झटकलं, आत फुंकर मारली, मागच्या माणसाचं पाकीट बघितलं आणि मग थेट हिशेबाच्या ऑफिसात गेला.

तिथे श्यामकांत देवस्थळी बसायचे. चष्म्याला दोरी, टेबलावर थर्मास. पगाराचं सगळं त्यांच्या हातून जायचं.

"साहेब, माझं अर्धं पाकीट तुमच्याकडं राहिलं."

"माझ्याकडे नाही, अहिरे. सरकारकडे. इन्कम टॅक्स."

"मला? मी काय सिंधी शेठ हाय का उल्हासनगर कॅम्पातला?"

"बसा." देवस्थळींनी खुर्ची सरकवली. "हे बघा, ठरावीक सूट वजा करून वर्षाला अठरा हजारांच्या आत उरले, तर सरकार तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. तुम्ही दरवर्षी त्या उंबऱ्याच्या आत असायचात. यंदा ओव्हरटाइम धरून उडी मारून बाहेर आलात. उंबऱ्याबाहेर जेवढं पाऊल पडलं, त्यातला चौथा हिस्सा सरकारचा."

"मग सरकारनं मला मागायचं. मी नाय म्हटलं असतं."

"म्हणूनच ते तुम्हाला मागत नाही, मला सांगतं. तुमच्या हातात पडायच्या आधीच मी कापायचा. दूधवाला पातेल्यात ओततो ना, तसं. पातेल्यात पडायच्या आधीच सरकारचा पेला भरून बाजूला."

"मग दर महिन्याला थोडं थोडं कापायचं. मला कळलंबी नसतं."

"कापलं असतं. पण सप्टेंबरपर्यंत तुम्ही गरीब होता, अहिरे. ऑक्टोबरला एकदम श्रीमंत झालात. वर्षाचा हिशेब मार्चच्या पगारापर्यंत मलाच जुळवायचा असतो. सगळा एकदम कापला असता तर पाकिटात वाराच आला असता, म्हणून अर्धा आज घेतलाय. उरलेला पुढच्या पगारात."

देवस्थळींनी चष्मा काढून दोरीवर सोडला आणि आवाज खाली घेतला.

"डिसेंबरात तर तुम्ही इतके तास काम केलंय की मला तुमच्या मंडळींची काळजी वाटली. झोपलात कधी?"

"झोप कमीच हाय माझी."

"काम तुम्हीच केलंय ना?"

आता 'नाही' म्हणावं तर नोकरी जाते, फोरमन जातो, खोट्या पावत्यांवर घेतलेलं कर्जही जातं. सोमाने निळ्या पंजाकडे बघितलं.

"मीच. दुसरं कोन करनार?"

"मग टॅक्सही तुमचाच," देवस्थळी म्हणाले आणि थर्मासचं झाकण उघडलं. "चहा घ्या थोडा."

सोमा कँटीनमागे गेला. तिघं तिथेच होते. त्याने सगळं सांगितलं: पैसे तुम्ही खाल्ले, टॅक्स माझ्या बोडक्यावर. आपापल्या वाट्याचा टॅक्स परत द्या.

बबनने खिसे बाहेर काढून दाखवले. "खाया पिया खतम, सोम्या. आपण कुठे सही केलीय?"

"लेका, तुझ्या चार महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे मी मोजून दिलेत."

"तेच बोलतो ना. मोजून दिले, तेव्हा कापायचे होते."

बाळा भोईर इथल्याच गावातला, बोलणं आडवंतिडवं. तो विडी पेटवून म्हणाला, "मना सरकारनं आजपावत कदी कापला नाय. तू कोन रं मोठा सरकार?"

भीमराव डिपार्टमेंटमध्ये सगळ्यात थोरला, सगळे त्याला भीमदा म्हणत. त्याने फक्त सोमाकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि उठून गेला.

घरी द्रौपदीने पाकीट मोजलं, पुन्हा मोजलं. ती उल्हासनगरच्या एका शेठसाठी घरी बसून परकरांना नाड्या ओवायची, त्यातले साठवलेले पैसे हप्त्यात आधीच धरलेले होते. आता तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

"मागितले का त्यांना?"

"मागितले. बाळ्या बोलला, तू कोन सरकार?"

द्रौपदी हसली. असं हसू आलं की ती काहीतरी वाईट सुचवणार हे सोमाला माहीत होतं.

"आमचा शेठ कवा मागतो का मला? धागे का कटेगा, सुई का कटेगा, बाकी सब तुम्हारा, आसं म्हनतो आन् कापूनच हातात टेकवतो. एकदा हातात पडलं की कोन देतंय? त्यांच्या हातात पडायच्या आधी तुमच्या हातातनं काय जातं ते बघा."

सोमाने विचार केला. पगार तर जात नव्हता. रंग जात होता, पण रंग कुणी खात नाही.

मग त्याला आठवले डबे.

ड्रायरशेजारी वाफेचा पाइप होता आणि पाइपावर पत्रा. सकाळी सगळ्यांचे डबे तिथे ठेवायचे, अकरा वाजता गरमागरम काढायचे, हे काम ड्रायरवाल्याचं, म्हणजे सोमाचं. डिपार्टमेंटचं सगळं जेवण त्याच्या हातातून जात होतं.

दुसऱ्या दिवशी बबनने डबा उघडला. भात होता, कालवण होतं. तळलेल्या बोंबलांच्या जागी तेलाचे ओघळ.

"माझे बोंबील?"

"कापले," सोमा म्हणाला. "हातात पडायच्या आधी. सातातले दोन ठेवलेत बघ भाताखाली, सूट म्हनून."

"सूट कसली?"

"अरे, सरकार काय उपाशी मारत नाय कुनाला."

बाळाच्या डब्यातून तांदळाच्या भाकरीतली अर्धी आणि सुकटीचा मोठा वाटा गेला. भीमरावच्या डब्यातून एक अंडं. भीमरावची बायको वारलेली, स्वयंपाक तो स्वतः करायचा. त्याने अर्धवट डब्याकडे बघितलं आणि निमूट जेवला. कापलेला माल सोमाने गेटबाहेरच्या माथाड्यांना वाटून टाकला. स्वतः खाल्ला असता तर ती चोरी झाली असती, असं त्याचं म्हणणं होतं.

मग सुरू झाली ती टॅक्स चुकवायची शर्यत. बबनने अंडी भाताच्या पोटात पुरून आणली. सोमाने चमच्याची दांडी खुपसून शोधली आणि लपवल्याबद्दल दंड म्हणून लोणचंही उचललं. बाळाने माल दोन डब्यांत वाटून आणला आणि दुसरा डबा बायकोचा आहे म्हणाला. "बनूबाई इथं कामाला हाय का?" सोमाने विचारलं आणि दोन्ही डबे एकत्र धरले. एके दिवशी बबनने नुसती मेथीची भाजी आणली. सोमाने झाकण उघडलं, बघितलं, परत लावलं. "उंबऱ्याच्या आत हाय. जा, जेव." सगळं डिपार्टमेंट खिदळत होतं. बबनसुद्धा हसला, पण पैसे त्याने दिले नाहीत. बोंबील गेले तर चालतील, इतके पैसे होते ते. मार्च निम्मा सरला आणि बिल्डरचा माणूस एकदा चाळीत येऊन गेला.

तेव्हा द्रौपदीने रात्री ताट वाढताना विचारलं, "एवढे बोंबील सोडतो, पन पैसे सोडत न्हाय. त्या पैशाचं केलं काय त्यानं?"

"मला काय ठावं."

पण ते कळायला फार दिवस लागले नाहीत. बबनची बायको सुंदराबाई एका दुपारी द्रौपदीकडे आली, तोंड सुजल्यासारखं.

"वैनी, एक इचारू? आमचे हे कुनाला खाऊ घालत्यात का तिकडं?"

"कुनाला म्हंजी?"

"मी डबा दुप्पट भरते. घरी येत्यात ते लांडग्यावानी. सात बोंबील न्हेल्यावर मानूस इतका भुकेला कसा? त्या पॅकिंगमधी बाया हायेत, मला म्हाईत हाय."

द्रौपदीने नाडीची सुई कपड्यात खोचली. सोमाने ओव्हरटाइमचं कुणाच्या घरी बोलू नको असं बजावलं होतं. पण एका बाईचा संसार बोंबलांपायी मोडायला निघाला असताना गप्प बसणं तिला पाप वाटलं. निदान नंतर तिने सोमाला तसं सांगितलं.

"बाई न्हाई गं. टॅक्स हाय तो," ती म्हणाली. "बबनभाऊजींना ओव्हरटाइम मिळाला ना चार महिने, त्याचा."

"कसला ओव्हरटाइम?"

"तोच की. चार महिन्यांचा."

सुंदराबाई बसल्या जागी सरळ झाली. चार महिने बबनच्या पावतीवर ओव्हरटाइमचा रकाना कोरा होता, आणि बबन घरी येऊन म्हणायचा की कारखाना मंदीत आहे. ज्याचा ओव्हरटाइम दुसऱ्याच्या नावावर, त्याच्या बायकोला त्याची खबरच नाही. दोस्ती होती ती ही होती.

"वैनी," सुंदराबाई उठत म्हणाली, "बनूबाईचं घर कुठं हाय, भोइराची?"

त्या रविवारी सोमाच्या खोलीत माणसं दाटली. सुंदराबाईने बबनला पुढे घातलं होतं, बनूबाईने बाळाला. बबनने ते पैसे एका टेपरेकॉर्डरवर उडवले होते आणि तो मेहुण्याकडे लपवला होता. तो आता सुंदराबाईच्या काखेत होता, विकायला निघालेला. बाळाचे पैसे बैलांच्या शर्यतीत गेले होते, त्याचं पुढे काही करता येण्यासारखं नव्हतं, पण बनूबाईने आपल्या भाजीच्या गल्ल्यातून वाट्याचे मोजून दिले आणि बाळाला म्हणाली, "आता तू माजा उधार. आन् मी सरकार नाय, मी सोडनार नाय."

शेवटी भीमराव आला. जय भीम घातला, आपल्या वाट्याचे पैसे चटईवर ठेवले आणि भिंतीला टेकून बसला.

"भीमदा, तुमी राहू द्या हवं तर," सोमा लाजून म्हणाला. "तुमचं अंडं मी उगीच..."

"न्हाई. तुजं तुला. आता माजं बोलू." भीमरावचा आवाज कधी चढत नसे. "दोन वर्षांमागं माज्या जनीचं लगीन झालं. तवा तुमी तिघांनी माज्या नावावर चढवलं. त्या मार्चला माजं पाकीट किती आलं, इचारलं कुनी?"

कुणी विचारलं नव्हतं. भीमराव त्या वर्षी उन्हाळाभर कँटीनचा चहाही का पीत नव्हता, हे आता तिघांना एकदमच उमगलं. बबन टेपरेकॉर्डरकडे बघू लागला.

"बोलला का नाय भीमदा?" सोमाने विचारलं.

"लेकीच्या लग्नात तुमी पाठ दिली. तुमच्या म्होरं हात कसा पसरू? पन तू मागायला लागला तवा मला वाटलं, आपुनच येडं व्हतो का काय."

इतका वेळ द्रौपदी चहा गाळत होती. तिचा हात थांबला.

"तिघांनी? म्हंजी तुमीबी?" ती सोमाकडे वळली. "त्या सालच्या ओव्हरटाइमचं मला तर काय आठवत न्हाय."

सोमाने कानाची निळी पाळी चोळली. "होता थोडा."

"गेला कुठं?"

बबन एकाएकी तोंडावर हात धरून खोकू लागला, आणि सुंदराबाईच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"वैनी, आमच्या माळ्यावर एक कलॅरनेट हाय. पोत्यात गुंडाळल्याली. हे म्हनत्यात बँडवाल्याची हाय, तो गावाला गेलाय. दोन वर्सं झाली, बँडवाला काय येत न्हाय."

खोलीत कुणी हसलं नाही, म्हणजे हसू आवरायचा सगळ्यांनी फार प्रयत्न केला.

"वाजवता येती का?" द्रौपदीने शांतपणे विचारलं.

"शिकनार व्हतो," सोमा म्हणाला. "जयंतीच्या मिरवनुकीला."

दुसऱ्या दिवशी कलॅरनेट पोत्यातून निघाली. द्रौपदी स्वतः ती घेऊन उल्हासनगरला गेली, शेठच्या ओळखीने एका लग्नाच्या बँडवाल्याला गाठलं आणि त्याने जे दिलं त्यातून सोमाचा वाटा भीमरावला पोचता केला. बबन आणि बाळाकडून भीमरावचे पैसे त्यांच्या बायकांनीच वळते केले. कलॅरनेटचं उरलेलं आणि तिघांकडून आलेलं बिल्डरच्या हप्त्यात गेलं, आणि मार्चच्या अखेरीला किल्ली सोमाच्या हातात पडली, डोंबिवलीच्या माणसाच्या नाही. बँडवाल्याने मिरवणुकीआधी एकदा वाजवून बघ म्हटलं होतं, असं सोमा पुढे सांगायचा. द्रौपदी म्हणायची, तसं कुणी म्हटलेलं नाही.

रिवाज मात्र मोडला नाही. पुढच्या वर्षी बाळाच्या भावाला जागा घ्यायची होती, तेव्हा बाळाच्या नावावर चढवलं. फरक इतकाच झाला की कँटीनमागे वाटप करताना बाळा आधी प्रत्येकाचा चौथा हिस्सा बाजूला काढून ठेवायचा, आणि गेटबाहेर बनूबाई, सुंदराबाई आणि द्रौपदी उभ्या असायच्या. तिथवर पोचता पोचता नवऱ्यांच्या हातात जे उरायचं त्यात विडीकाडी भागायची. बबन म्हणाला की यापेक्षा सरकार परवडलं. देवस्थळींनी खिडकीतून हा सोहळा एकदा पाहिला आणि काही न विचारता खिडकी लावून घेतली.

पण त्याआधी, त्याच वर्षीच्या चौदा एप्रिलला, ठरल्याप्रमाणे मांजर्लीच्या घरात तसबीर लागली. भिंतीला चुना नवा होता, संडासाला कडी होती, पाहुणे ती कडी लावून-काढून बघत होते. संध्याकाळी सगळे गेल्यावर सोमा दारात बसून नदीकडच्या अंधाराकडे बघत राहिला.

"अवो," द्रौपदी आतून म्हणाली. "नव्या घरात पहिला च्या मांडायचा तर ह्यो स्टो पेटंना. पीन घ्या आन् बघा."

"आज? जयंतीच्या दिवशी?"

"मग उद्या च्या पिऊ?"

सोमा उठला. चटईवर वर्तमानपत्र पसरलं, स्टोव्ह मांडीजवळ ओढला, आणि बारीक डोळे करून बर्नरच्या भोकात पीन घालू लागला.